सीलिंगच्या वरची भिंत

आमचं सीलिंग खाली आलं तेव्हा शकुकाकू मेथी निवडत होती, आणि हे मला आमच्या घरातूनच दिसलं. मी सीलिंगवाल्या बाशाभाईंच्या लाकडी घोडीवर उभी राहून पंख्याची वायर धरली होती. बाशाभाईंनी पहारीने एक बोर्ड उचकटला. आधी धूळ आली, मग चिमणीचं जुनं घरटं आलं, मग बोर्ड आला. धूळ बसली तेव्हा भिंतीच्या पलीकडे खाली काकू दिसली. मांडीवर ताट, ताटात मेथी, मेथीवर आमच्या आजोबांच्या काळातला भुसा.

"बाशाभाई," काकू मान वर न करता म्हणाली, "हे माझ्या मेथीत काय पडलं?"

बाशाभाईंनी भिंतीवरून वाकून पाहिलं. त्यांना खोटं बोलायची सवय नाही.

"भाभी, तुमचं सीलिंग," ते म्हणाले. "सगळं नाही. तीन फूट."

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी आठवीत होते. आता दहावीत आहे आणि मी वर्गात बोलायला उठले की मोहिते मॅडम आधी घड्याळाकडे बघतात. आठवीत तसं नव्हतं. हजेरी घेताना माझा "हजर" शेजारच्या मुलीलाही ऐकू जायचा नाही. पहिल्या सहामाहीत माझी अकरा दिवसांची गैरहजेरी लागली. ती सगळी मी वर्गात बसून काढली होती.

घराचं सांगायचं तर ते एकच होतं, लांबलचक, वर पत्रा. करमाळ्यात उन्हाळ्यात पत्र्याखाली माणूस भाजून निघतो, म्हणून आजोबांनी पुढच्या मोठ्या खोलीला हार्डबोर्डचं सीलिंग मारून घेतलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आठ-आठ फुटी अखंड बोर्ड. आजोबा गेल्यावर, सीलिंग पडायच्या नऊ वर्षं आधी, पप्पा आणि आप्पाकाका वेगळे झाले, आणि त्या खोलीच्या मधोमध भिंत आली. भिंत सीलिंगला टेकली तिथे थांबली. ठरलं असं होतं की सीलिंगच्या खालची भिंत थोरल्यानं बांधायची, सीलिंगच्या वरची, पत्र्यापर्यंतची, धाकट्यानं. थोरल्या आप्पाकाकांनी आठ दिवसांत बांधली. धाकटे म्हणजे आमचे पप्पा. त्यांनी विटा आणल्या, त्यांचा तुळशीचा कट्टा झाला. दुसऱ्या वर्षी आणल्या, त्यावर पाण्याची टाकी बसली. तिसऱ्यांदा आणल्या, तिथे आई आता कपडे धुते. सीलिंगच्या वरचं काही दिसत नव्हतं, त्यामुळे कुणाचं अडत नव्हतं.

दोघे भाऊ तेव्हापासून बोलत नव्हते. आई आणि काकू बोलत, पण नळाला पाणी आलं की मागच्या दारी तेवढं. ते बोलण्यात धरत नसत.

सीलिंग बदलायचं आईच्या मनात आलं कारण दिवाळीत मामा फराळाला बसले असताना सीलिंगचा एक तुकडा त्यांच्या चिवड्यात पडला आणि त्यांनी तो खाल्ला. मामा म्हणाले, यंदा चिवड्यात खोबरं जाड पडलंय. आईनं तेव्हाच ठरवलं. पांढऱ्या पीव्हीसीच्या पट्ट्या, मधे सोनेरी रेघ, चार कोपऱ्यांत चार दिवे. जानेवारीत बाशाभाई आले. ते जुने बोर्ड मधून कापायला विसरले, कारण भिंत नंतरची आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या बाजूनं ओढला तसा अख्खा बोर्ड आला आणि काकूकडचं तीन फूट घेऊन आला. आता भिंतीवर पत्र्यापर्यंत चार फूट नुसतं मोकळं होतं. इकडे कुणी शिंकलं की तिकडून काकू "सत्य आहे" म्हणायची.

"नवीन पट्ट्या कधी येतील?" आईनं विचारलं.

"सोनेरी रेघवाल्या नगरहून येणार," बाशाभाई म्हणाले. "शुक्रवारी. पण शुक्रवारी दुपारी माझी नमाज असते. रविवार धरा. पक्का रविवार."

"आज रविवारच आहे."

"पुढचा."

म्हणजे आठ दिवस आम्ही दोन घरांचं एक घर होतो, आणि त्याच आठवड्यात माझ्यावर संकट आलेलं होतं.

टेंभुर्णीला शनिवारी वक्तृत्व स्पर्धा होती. विषय पाणी. आमच्या शाळेतून समृद्धी जायची, दरवर्षी तीच जाते. तिला कांजिण्या आल्या. मोहिते मॅडमनी वर्गात पाहिलं आणि मला उभं केलं. "प्रणोती, तुझं पाठांतर चांगलं आहे. तू जाशील ना?" मी नाही म्हणाले. ते त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी वहीत माझं नाव लिहिलं आणि शेजारच्या मॅडमना म्हणाल्या, "निघेल आवाज." साडीवरचा डाग निघेल म्हणतात, त्या सुरात.

भाषण समृद्धीचंच, पाच मिनिटांचं होतं. ते मला एका रात्रीत पाठ झालं. प्रश्न फक्त ते तोंडातून बाहेर काढायचा होता. तीनशे लोकांसमोर उभं राहून ओठ हलवायचे आणि काहीच ऐकू येऊ द्यायचं नाही, हे चित्र मी इतक्या वेळा डोळ्यांसमोर आणलं होतं की मला त्यातल्या खुर्च्यांचा रंगही माहीत झाला होता.

रविवारी संध्याकाळी पप्पा दुकानात, आई भाजीला. मी खोलीत एकटी. घोडी तिथेच होती, तिच्या दोन पायऱ्या चढून मी सुरुवात केली. "अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग." अर्धं झालं असेल, तेवढ्यात पलीकडून खोकला आला.

"मागच्या बाकावरच्या माणसाची गाडी चुकली," पलीकडचा आवाज म्हणाला.

मी घोडी घट्ट धरली. तो आवाज करमाळ्यात कुणालाही ओळखू येतो. आप्पाकाका एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक. फलाटासमोरच्या खिडकीत बसून माइकवर गाड्या पुकारायचं काम त्यांच्याकडे. जेऊरची, जामखेडची, परांड्याची, सगळ्या गाड्या त्यांनी सांगितल्याशिवाय सुटत नाहीत असं मला लहानपणी वाटायचं. गेली नऊ वर्षं हा आवाज मी फक्त स्टँडवर ऐकला होता. काका म्हणून नाही. गाड्यांचा म्हणून.

मी एक पायरी खाली उतरले, घोडी करकरली.

"कोण आहे, पनू का?"

"हो."

"हो म्हणालीस का? मला फलाटावर ऐकू आलं नाही."

"हो," मी जरा मोठ्यानं म्हणाले.

"हं. ते पाण्याचं परत सांग. घशातून नको. पोटातून काढ. समोर माणसं आहेत हे विसरून जा, वर पत्रा आहे. पत्र्याला ऐकव."

मी पत्र्याला ऐकवलं. पत्रा फार बरा श्रोता आहे, हे मला त्या दिवशी कळलं. दिलेलं सगळं परत करतो.

पुढचे दोन दिवस असंच चाललं. काकांची सकाळची ड्युटी, दुपारी अडीचला घरी. मी शाळेतून पाचला यायचे. पप्पा दुकानातून साडेसातला. मधले अडीच तास आमचे. काका पलीकडे खाटेवर बसत, मी इकडे घोडीवर. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता आणि ते बरंच होतं, कारण चेहरा दिसला की माझा आवाज आत जातो. भाषणातलं त्यांना काहीच पटत नव्हतं, पण ते भाषण बदलायला लावत नसत. फक्त सांगायचं कसं ते सांगत.

"आधी ठिकाण सांग, मग वेळ. लोकांना आधी कुठं जायचंय ते कळू दे, मग ते थांबतात."

"घाई करू नकोस. घाई प्रवाशाला असते. पुकारणाऱ्याला नसते."

"आणि मुद्द्याचं वाक्य दोनदा सांग. एकदा सांगितलं की लोक विचारतात, काय म्हणाले, काय म्हणाले. दुसऱ्यांदा तेच सांगितलं की कुणी विचारत नाही."

"भाषणात एकच वाक्य दोनदा कसं म्हणू?"

"मी तीस वर्षं म्हणतोय."

सराव सुरू करायच्या आधी ते मला आवाज लावायला म्हणून एक वाक्य म्हणायला लावत. मग मी पत्र्याकडे बघून म्हणायचे, "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे." काकू स्वयंपाकघरातून म्हणायची, "दिलं." मग भाषण.

मंगळवारी पप्पा लवकर आले. टेम्पोबरोबर आले. टेम्पोत विटा होत्या.

पप्पांचं स्टँडच्या समोर मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात, पप्पा आतली तांब्याची तार उलगडतात आणि नवी भरतात. दिवसभर तारा मोजत बसणाऱ्या माणसाचं बोलणं कमी होतं. ते दारात उभे राहिले तेव्हा मी घोडीवर होते आणि पलीकडून सूचना चालू होती की "पाणी" म्हणताना मी "णी" गिळते.

पप्पांनी थोडा वेळ ऐकलं. मग मला म्हणाले, "त्यांना सांग, या घरात शिकवायला शाळा आहे."

मी भिंतीकडे तोंड केलं. "आप्पाकाका, पप्पा म्हणतात—"

"ऐकलं," काका म्हणाले. "मुरलीला सांग, मी माझ्या खाटेवर बसून बोलतोय. आवाज तिकडं येतोय त्याला मी काय करू? वरची भिंत कुणाच्या वाट्याची होती?"

मी पप्पांकडे तोंड केलं. "पप्पा, काका म्हणतात—"

"त्यांना सांग, विटा आल्यात. परवा गवंडी येतोय."

"मुरलीला सांग, विटा नऊ वर्षं येतायत."

आई चहा घेऊन आली. तिनं एक कप पप्पांना दिला आणि भिंतीकडे बघून म्हणाली, "अक्का, भावजींना चहा दिलात का?" पलीकडून काकू म्हणाली, "ठेवलाय." हे नळाच्या वेळेबाहेरचं पहिलं बोलणं होतं. पण कुणी ते धरलं नाही.

मी मात्र रात्रभर गणित करत होते. गवंडी गुरुवारी. स्पर्धा शनिवारी. भिंत गुरुवारी संध्याकाळपर्यंत होईल. मग शुक्रवारी मी कुणाला ऐकवणार? पत्रा असेल, पण पलीकडे काका नसतील. आणि ते नसले की माझा आवाज परत कुठे जातो, ते मला माहीत होतं. तो हजेरीत जातो.

बुधवारी पप्पा दुकानातून जेवायच्या वेळेला आले तेव्हा आमचा सराव चालूच होता. मी थांबवला नाही. काकांनीही थांबवला नाही. पप्पा खाली बसले, सॅंडल काढले, एका सॅंडलच्या बंदात अडकलेली तांब्याची तार काढत बसले. आईनं ताटं वाढली.

"पनू, जेवायला उतर," पप्पा म्हणाले.

"शेवटचा परिच्छेद राहिलाय."

"त्यांना सांग, मुलगी जेवायची आहे."

"मुरलीला सांग," काका म्हणाले, "उपाशी पोटी आवाज चांगला लागतो."

"त्यांना सांग, माझ्या मुलीच्या पोटाचं मी बघीन. आणि एवढी हौस होती तर तेव्हा कुठं गेली होती? तेव्हा नियम होता. आता नियम नाही का?"

"मुरलीला सांग, नियम नियमच असतो. तेव्हाही आणि आताही."

"त्यांना विचार, मग आत्ता कोणत्या नियमानं—"

"मुरलीला सांग—"

मी घोडीच्या वरच्या पायरीवर होते. एकीकडे पप्पा खाली ताटासमोर, दुसरीकडे काका खाली खाटेवर. माझं डोकं भिंतीच्या वर होतं आणि मला नऊ वर्षांत पहिल्यांदा दोघंही एकदम दिसत होते. दोघांचीही एकच सवय होती. चिडले की डावा कान खाजवायचे. दोघंही खाजवत होते.

मी म्हणाले, "मी काहीही सांगणार नाही."

पोटातून आलं. पत्र्याला लागलं, खाली आलं, दोन्ही घरांत पडलं.

कुणीतरी काय म्हणून विचारायच्या आत मी परत म्हणाले, "मी काहीही सांगणार नाही. तुम्हाला दोघांना दोघांचं ऐकू येतंय. मला शनिवारी टेंभुर्णीला जायचंय आणि मला शुक्रवारी सराव करायचाय. ज्याला भिंत बांधायची त्यानं रविवारी बांधावी."

पत्रा थोडा वेळ गुणगुणत राहिला. मग काकांनी घसा साफ केला.

"आवाज बरा लागला," ते म्हणाले.

"हो," पप्पा म्हणाले.

आईच्या हातातला पळा वरणात तसाच थांबला. पलीकडे काकूनं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. पप्पांनी इकडे तिकडे पाहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला म्हणालो. हो, बरा लागला म्हणून." मग ते भात कालवायला लागले. वरण अजून वाढलं नव्हतं.

जेवणानंतर भांडी विसळताना मी आईला विचारलं, कसला नियम. आई आधी म्हणाली, जाऊ दे. मग म्हणाली, तुला काय आठवणार, तू चार वर्षांची होतीस. मग तिनं सांगितलं.

पप्पांनी दुकान काढलं त्या दिवशी पूजा होती. स्टँडच्या समोरच दुकान. पप्पा सकाळी आप्पाकाकांच्या खिडकीत गेले आणि म्हणाले, आप्पा, माइकवर एक वाक्य सांग. समोर ढाणे रिवाइंडिंग सुरू झालंय, एवढंच. काका म्हणाले, हा माइक गाड्यांचा आहे. मुरली, नियमात बसत नाही. पप्पा म्हणाले, एक वाक्य. काका म्हणाले, आज तुझं सांगितलं तर उद्या उसाच्या रसवाल्याचं सांगावं लागेल.

"एवढंच?" मी म्हणाले.

"एवढंच. भावजींची त्या दिवशी डबल ड्युटी होती, हे दिवसभर दुकानाच्या दारात उभे होते. प्रत्येक गाडीच्या वेळी कान देऊन. आता म्हणेल, आता म्हणेल. संध्याकाळी सातला मुक्कामी गाडी पुकारली आणि माइक बंद झाला." आईनं हात पुसले. "नंतर मी म्हणलं, दुकान दुसरीकडं हलवू. रोज तोच आवाज कशाला ऐकायचा. तर म्हणतात, इथं गिऱ्हाईक चांगलं येतं. मोटारी काय एस.टी.नं येतात का?"

गुरुवारी गवंडी आला. पप्पा दारातच उभे होते.

"आज नको," पप्पा म्हणाले. "सिमेंट आलेलं नाही."

गवंडी ज्याला टेकून उभा होता ते सिमेंटचं पोतं होतं. त्यानं पोत्याकडे पाहिलं, पप्पांकडे पाहिलं, तंबाखू मळली आणि गेला.

शुक्रवारी सराव झाला. शेवटी काका म्हणाले, "आता मला काही सांगायचं नाही. उद्या मी तिकडं नसेन, म्हणून घाबरू नकोस. मी कधीच तिकडं नसतो. गाडी जेऊरच्या पुढं गेली की तिचं काय होतं मला काय माहीत? आपण व्यवस्थित सोडायची." मग विचारलं, "परत येणार कितीच्या गाडीनं?"

"मॅडम म्हणाल्या, साडेपाचला करमाळ्यात."

"हं," काका म्हणाले.

टेंभुर्णीला हॉलमधल्या खुर्च्या लाल होत्या. मी निळ्या धरल्या होत्या. माझ्या आधी सतरा मुलं बोलली आणि सगळ्यांनी अध्यक्ष महोदयांपासून सुरुवात केली. अध्यक्ष महोदय अकराव्यापासून पेंगत होते. माझं नाव आलं. मी माइकसमोर गेले. समोर तीनशे चेहरे होते. मी वर पाहिलं, आणि वर पत्रा नव्हता. वर पांढरं सीलिंग होतं, सोनेरी रेघेचं, आईला हवं होतं अगदी तसं. ते काहीच परत करणार नव्हतं.

हजेरीसारखं व्हायला लागलं. मोहिते मॅडमनी डोळे मिटले. मग मी पोटात हात घालावा तसा श्वास घेतला आणि सवयीनं जे तोंडात होतं तेच बाहेर आलं.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे."

अध्यक्ष महोदय जागे झाले. पहिल्यांदा कुणालाच काही कळलं नाही, मग मागून हसू सुरू झालं आणि पुढे यायला लागलं. मी पाठांतर आठवायचा प्रयत्न केला. ते गेलेलं होतं. उरलं होतं फक्त काय करायचं ते. म्हणून मी तेच केलं.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे," मी म्हणाले. दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही. "उजनीहून आपल्या घराकडे येणारी पाण्याची गाडी ही शेवटची गाडी आहे. या गाडीनंतर दुसरी गाडी नाही."

मग पाठांतर परत आलं, मागच्या दारानं. पाच मिनिटं मी कसली घाई केली नाही.

दुसरा क्रमांक आला. पहिला माढ्याच्या मुलाला, त्यानं रडून दाखवलं होतं. मोहिते मॅडम परतीच्या गाडीत तीनदा म्हणाल्या की ती सुरुवात समृद्धीच्या भाषणात नव्हती. मी म्हणाले, नव्हती. त्यांना पहिल्यांदाच ऐकू गेलं.

गाडी साडेपाचला करमाळ्यात शिरली. मी खिडकीत होते. काकांची ड्युटी सकाळची, त्यामुळे माइकवर दुसरं कुणी असणार हे मला माहीत होतं. मी ढाल मांडीवर घेऊन बसले होते. तिच्यावर माझं नाव "प्रणिती" असं होतं, पण ते चालतं. गाडी फलाटाला लागली, इंजिन बंद झालं आणि भोंग्यात खरखर झाली.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे."

तो काकांचा आवाज होता. त्यांनी ड्युटी बदलून घेतली होती.

"टेंभुर्णीहून आलेल्या गाडीतील प्रवासी कुमारी प्रणोती ढाणे यांना घेण्यासाठी, स्टँडसमोरील ढाणे रिवाइंडिंगचे मालक श्री. मुरलीधर ढाणे यांनी फलाट क्रमांक दोनवर यावे."

मी पायरीवरच थांबले. मागचे लोक म्हणाले, उतरा की. मॅडम म्हणाल्या, अगं वडील घ्यायला येणार होते का? मी म्हणाले, नाही. घर स्टँडपासून चार मिनिटांवर आहे. मी पहिलीपासून एकटी जाते.

भोंगा परत खरखरला. काका सावकाश बोलत होते, एकेक अक्षर वेगळं ठेवून, तीस वर्षांत जेऊरच्या गाडीलाही त्यांनी एवढा वेळ दिला नसेल.

"स्टँडसमोरील ढाणे रिवाइंडिंगचे मालक, श्री. मुरलीधर ढाणे, यांनी फलाट क्रमांक दोनवर यावे."

रस्त्यापलीकडे दुकानाच्या दारात पप्पा उभे होते. हातात उलगडलेली तार होती. ती तार तशीच हातात धरून ते रस्ता ओलांडून आले. तारेचं दुसरं टोक दुकानात मोटारीला होतं, त्यामुळे ती त्यांच्या मागे मागे रस्त्यावरून आली. एक रिक्षा थांबली. पप्पा माझ्याजवळ आले, माझ्याकडे पाहिलं, ढालीकडे पाहिलं, डोक्यावर हात ठेवला. केसांना ग्रीस लागलं. मग ते खिडकीकडे गेले.

खिडकीच्या आत काका रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत होते. काही लिहायचं नव्हतं. मी पाहिलं, पेन उघडलेलं नव्हतं.

पप्पा जाळीसमोर उभे राहिले. मग म्हणाले, "आप्पा, एकदा सांगितलं असतंस तरी ऐकू आलं असतं. समोरच तर दुकान आहे."

"नियम आहे," काका म्हणाले. "दोनदा सांगावं लागतं."

"हे नियमात बसतं का?"

"प्रवाशाला घ्यायला माणूस बोलावणं बसतं. कलम आहे." काकांनी पेन खिशाला लावलं. "तुझ्याकडं प्रवासीच नव्हता इतकी वर्षं."

पप्पांनी डावा कान खाजवला. काकांनीही खाजवला. मग परांड्याची गाडी आली आणि काकांना ती पुकारावी लागली.

रविवारी बाशाभाई पट्ट्या घेऊन आले. आधी त्यांनी काकूचं तीन फूट केलं, मग आमचं. सोनेरी रेघ आईला हवी होती तशी आली. कोपऱ्यांतले दिवे लागले. विटांचं विचाराल तर त्यांचा भिंतीला लागून तीन पायऱ्यांचा एक ओटा झाला. पप्पांनी तो शनिवारी संध्याकाळी स्वतः रचला आणि पोत्यातलं सिमेंट वापरून टाकलं. सगळ्यात वरच्या पायरीवर उभं राहिलं की माझं डोकं बरोबर सीलिंगला पोचतं.

शेवटची पट्टी बसवायची वेळ आली तेव्हा पप्पांनी बाशाभाईंना थांबवलं आणि ओट्याच्या बरोबर वर, भिंतीला लागून, दीड फुटाची उघडझाप होणारी झडप ठेवायला सांगितली. काकूच्या बाजूलाही तशीच, समोरासमोर.

"इथं झडप कशाला?" बाशाभाई म्हणाले.

"वायरिंग बघायला."

बाशाभाईंनी वर पाहिलं. "भाऊ, वायरिंग तर पलीकडच्या कोपऱ्यात आहे. इथं एकही वायर नाही."

"वायरिंग बघायला," पप्पा म्हणाले.

बाशाभाईंनी परत विचारलं नाही.